पाठक बाईंचा वाळा

पाठक बाईंसमोर ‘मला वाटतं’ म्हणायची सोय नव्हती. नांदेडच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. माझा सगळा संसारच वाटण्यावर चाललेला. कवीला काय वाटलं, नायिकेला काय वाटलं, वाचून आपल्याला काय वाटलं. त्यामुळे शिक्षकखोलीत मी तोंड उघडलं की बाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “कदम, काय वाटलं ते राहू द्या. काय दिसलं ते सांगा.”

सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. माझा स्वभाव तसा तापटच आहे, बायको ते रोज ऐकवते. पण एका उन्हाळ्यात शाळेच्या पिण्याच्या पाण्याला घाण वास यायला लागला. मुख्याध्यापकांना वाटलं टाकीत उंदीर मेला. शिपायाला वाटलं पाइप फुटला. मला वाटलं त्याचं मी चांगलं लांबलचक वर्णन केलं. बाई पदर खोचून शिडीवर चढल्या, टाकीत वाकून आल्या, खाली उतरून त्यांनी नळाखाली ओंजळ धरून पाणी पिऊन पाहिलं. मग म्हणाल्या, “पाण्याला वास नाही. ग्लासाला आहे. ग्लास पुसायचं फडकं हुंगा.” आम्ही ते फडकं हुंगलं आणि दिवसभर कुणी डब्याला हात लावला नाही. त्यानंतर मी बाईंवर चिडणं कमी केलं. बंद केलं असं म्हणवत नाही.

ठेंगण्या, अंगानं बारीक, कडक इस्त्रीची सुती साडी. चालायच्या इतक्या झपाट्यानं की वर्गात पोचल्या तरी पदर मागून येतोय असं दिसायचं. पर्समध्ये भिंग असायचं आणि त्या भिंगानं त्या बाजारात वांगी निवडायच्या. भाजीवाल्या बायका त्यांना बघितलं की एकमेकींना खुणावायच्या. जेवायला बोलावलं तर ‘छान झालंय’ असं यजमानीणबाईला त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळायचं नाही. “मीठ बरोबर. फोडणीत मोहरी करपली,” असा निकाल यायचा.

फक्त एका बाबतीत बाई बिनशर्त हरलेल्या होत्या. वाळा. उन्हाळा लागला की त्यांच्या माठात वाळ्याची जुडी, कपाटात साड्यांच्या घड्यांत वाळा, घरच्या कूलरला वाळ्याचा पडदा. एकदा मी डाव साधला. म्हटलं, “बाई, वाळ्याचा वास कसा येतो ते सांगा. काय वाटतं ते नको.” बाई विचारात पडल्या. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “छान येतो.” ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत मी सगळ्या शाळेत पोचवली.

दर मार्चमध्ये त्यांचा माठाचा तास असायचा. एक पाझरणारा मातीचा माठ, शेजारी स्टीलची घागर. पोरांना हात ओला करून त्यावर फुंकर मारायला लावायच्या आणि सांगायच्या, “पाणी उडून जाताना गारवा ठेवून जातं.” हे वाक्य त्यांच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात जन्मभरासाठी बसलं. विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त ते पाठक काकांच्या डोक्यात बसलं. हे मी मुद्दाम आताच सांगून ठेवतो.

काका म्हणजे बाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मऊ बोलणारे, आणि कायम कशाची ना कशाची काळजी करणारे. बाई पुढे सुसाट चालायच्या तेव्हा काका मागून छत्री, पाण्याची बाटली आणि बाईंचा विसरलेला चष्मा घेऊन यायचे. मूलबाळ नव्हतं. लातूरजवळच्या मुरूडला बाईंची थोरली बहीण, अक्का, तेवढंच काय ते माहेर.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना बाई भर उन्हात शाळेच्या फाटकात पडल्या. डॉक्टरांनी विचारलं, “काय वाटतं तुम्हाला?” बाई म्हणाल्या, “वाटत काही नाही. दिसतं ते सांगते. उन्हात गेलं की आधी डावा पाय जातो. मग डोळ्यांपुढे धुकं येतं. मग शब्द सापडत नाहीत. सावलीत, गार जागी आणलं की उलट्या क्रमानं परत येतं.” मज्जातंतूंचा आजार निघाला. अंग तापलं की मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचतच नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. आणि प्रत्येक वेळी गेलेलं सगळं परत येईलच याची खात्री नाही, हेही सांगितलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाई पलंगाला लागल्या. पाय तर गेलेच. हात गारव्यात चालायचे. जीभ आणि डोकं पूर्वीसारखंच.

मराठवाड्यात राहून गारवा मागायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाईंची खोली काकांनी कूलर, एसी, इन्व्हर्टर लावून राखली. पण त्या खोलीच्या बाहेर उन्हाळ्यात पाऊल नाही. मग एक दिवस काका हैदराबादहून एक जुनी व्हॅन घेऊन आले. कुणा हौशी माणसानं फिरायला म्हणून बांधून घेतलेली. आत पलंग, छोटी मोरी, खिडक्यांना पडदे, आणि पलंगाच्या उशाशी एसीचा डबा. डब्याच्या खालच्या जाळीतून व्हॅनमधली हवा आत ओढली जायची आणि गार होऊन वरच्या झडपेतून पलंगावर यायची. काकांचा आनंद बघण्यासारखा होता. “शालू, आता तू म्हणशील तिथं,” ते म्हणाले. काकांना मोतीबिंदूमुळे गाडी चालवायची मनाई होती, म्हणून सारथी मी. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आणि माझ्याजवळ परवाना, एवढी माझी पात्रता.

पहिला प्रवास लातूरला, भाचीच्या लग्नाला. निघताना एसी इतका गार की मी मफलर शोधत होतो. लोह्याच्या आसपास बाई मागून म्हणाल्या, “कदम, गारवा चालला.” थोड्या वेळात त्यांचे शब्द अडखळायला लागले. मी गाडी वळवली. काका मागं बसून बाईंच्या तळव्यांवर पाणी लावत होते. लग्न आम्ही दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघितलं.

मग रफिकभाईचं गॅरेज सुरू झालं. रफिकभाई नांदेडमधला गाड्यांच्या एसीचा जाणता आणि बोलण्यात त्याहून जाणता. त्यानं गॅस भरला. गॅरेजमध्ये एसी फर्स्टक्लास. मी अर्धापूरपर्यंत फेरी मारून आलो, दात वाजायची वेळ. बाईंना घेऊन निघालो, गावाबाहेर थोडं अंतर गेलो आणि गारवा संपला. रफिकभाईनं पट्टा बदलला. पुढची जाळी धुतली. पंख्याची मोटर बदलली. दर वेळी तेच. गॅरेजमध्ये बर्फासारखा, बाई बसल्या की फुस्स.

शेवटी रफिकभाईनं हात टेकले. “सर, मशीन एकदम ओक्के हाय. मी तीनदा खोलून बघितलं. मॅडम बसल्या की कायको बिगडतंय, आल्ला जाने. मॅडमशी काय दुश्मनी हाय त्याची.”

मला इतका राग आला की मी त्याला वाटेल ते बोललो. काकांनी तर गुपचूप गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या. पण मी हे चिडून बाईंना सांगितलं तेव्हा बाईंनी पलंगावर एकदम कान टवकारले.

“रफिक बरोबर बोलला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सगळ्यांत तोच एक दिसलं ते सांगतोय. मी असले की बिघडतं, मी नसले की चालतं. मग मी असते तेव्हा गाडीत आणखी काय काय असतं?”

“तुम्ही, काका, पाण्याच्या बाटल्या, उशा,” मी म्हटलं.

“हे वाटलं ते झालं. पुढच्या वेळी बघा आणि मग सांगा.”

पण पुढचा लांबचा प्रवास लवकर आला नाही. बाईंच्या अंगानंच नकार दिला. दोन उन्हाळे तसेच गेले. त्यातल्या छोट्या-छोट्या फेऱ्याही अर्ध्यावरून परत, बाईंना सावरायच्या घाईत बघायचं राहूनच जायचं, आणि अशाच एका फेरीत डाव्या हातातलं बळ गेलं ते परत आलंच नाही. काका व्हॅन पुसायचे, तिचं इंजिन फिरवायचे आणि तिच्याकडे बघत ओट्यावर बसायचे.

आणि मे महिन्यात मुरूडहून अक्काच्या मुलाचा फोन आला. अक्का अंथरुणाला खिळली होती, लातूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मोबाइलवर दोघी बहिणींचं बोलणं करून दिलं. अक्काला पडद्यावरचं दिसत नव्हतं. ती म्हणाली, “डब्यातून बोलू नको गं शाले. यायचं तर ये, हात लावून बघू दे.”

अँब्युलन्सनं जाऊ, असं मी सुचवलं. बाई कडाडल्या. “दारात अँब्युलन्स आली तर अक्का तिथंच जीव सोडील. मी पाहुणी म्हणून जाणार.” रात्री निघू म्हटलं तर मला समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही आणि मेच्या रात्री तरी कुठं गार असतात. कारमध्ये त्यांना झोपता येत नव्हतं. राहिली व्हॅन. रफिकभाईनं शेवटचं सगळं बघून दिलं, माझ्याकडे न बघता बाईंना सलाम सांगा म्हणाला, आणि आम्ही पहाटे निघायचं ठरवलं. प्रत्यक्षात बाईंची तयारी, औषधं आणि काकांची काळजी आवरेपर्यंत ऊन चांगलं वर आलं.

लोह्यापर्यंत नीट पोचलो. मी आरशातून मागं बघत होतो. काका पलंगाच्या कडेला बसून हातातल्या तांब्यानं काहीतरी शिंपडत होते. लोहा मागं पडलं आणि बाईंचा आवाज आला, “कदम, वारा कमी झाला.”

मुरूड अजून कितीतरी लांब आणि मागं फिरलो तरी नांदेड जवळ नाही.

“मागं फिरू?” मी विचारलं.

“नाही. सावली बघून गाडी लावा. इंजिन चालू ठेवा.”

एका मोठ्या कडुलिंबाखाली मी गाडी घेतली. बाईंनी काकांना सांगितलं, “अहो, मागं एक रसवंती गेली बघा. तिथं बर्फ मिळतो का बघून या ना.” काका डोक्याला टॉवेल गुंडाळून लगेच उतरले. त्यांना लांब जाऊ दिल्यावर बाई म्हणाल्या, “आता मागं या. झडपेपुढे हात धरा. काय दिसतंय? म्हणजे काय लागतंय?”

“हवा येते, पण अगदी फुंकरीएवढी.”

“गार की गरम?”

मी नीट हात धरला. “गार आहे. चांगली गार.”

“म्हणजे गारवा बंद पडलेला नाही. वारा बंद पडलाय. इतके दिवस आपण सगळे गारवा गेला, गारवा गेला म्हणत रडलो.” त्यांच्या कपाळावर घाम जमायला लागला होता. “खालची जाळी उघडा.”

जाळी उघडायला आधी तिच्यावर बांधलेला पडदा सोडावा लागला. वाळ्याचा पडदा. ओला, निथळता, सगळी व्हॅन वासानं भरून टाकणारा. मी तो बाजूला ठेवला, जाळी काढली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला.

“काय दिसतं?”

“बर्फ,” मी म्हटलं. “बाई, आत सगळा बर्फ झालाय. पांढरा. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात असतो तसा. वारा जायला जागाच नाही.”

बाईंची नजर बाजूला पडलेल्या पडद्यावर गेली आणि तिथंच राहिली. मला उशिरा, पण सगळं कळलं. घरच्या कूलरला आपण जे करतो तेच काकांनी इथं केलं होतं. हवा जिथून आत जाते तिथं वाळा बांधायचा आणि तो ओला ठेवायचा. कूलर त्यावरच चालतो. पण इथं जाळीचं तोंड निम्मं झाकलेलं, वरून ओलसर हवा सतत आत ओढली जाणारी, आणि त्या जुन्या डब्याला बर्फ धरायला लागला की आपणहून थांबायचं कळत नव्हतं. गॅरेजला नेताना काका पडदा घरी काढून ठेवायचे, हात काळे असलेल्या माणसांत वाळा कशाला म्हणून. आणि बाई नसताना तो बांधायचा तरी कुणासाठी?

“पाणी उडून जाताना गारवा ठेवून जातं,” बाई पुटपुटल्या. “मीच शिकवलंय त्यांना.”

मग त्या भराभर बोलायला लागल्या, कारण त्यांना ठाऊक होतं की बोलता येईल असा वेळ फार नाही. “ऐका. एसीचं बटण बंद. पंखा पूर्ण वाढवा. बर्फ आपोआप वितळू द्या. काही टोचायचं नाही, आतली नळी फुटली तर सगळंच संपलं. खालच्या नळीतून पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत बटण लावायचं नाही. मी बोलेनाशी झाले तरी नाही. हे रडले तरी नाही. कळलं?”

“कळलं. पण बाई, तोपर्यंत तुम्ही…”

“उजवा हात आताच जड झालाय. पुढचं ऐका. यांच्यासमोर पडद्याचं नाव काढायचं नाही.”

“म्हणजे? त्यांना सांगायचं नाही?”

“दोन वर्षं तांब्या घेऊन बसतायत ते माझ्या उशाशी. भाचीचं लग्न यांच्यामुळं हुकलं, माझा डावा हात यांच्यामुळं गेला, असं सांगायचं मी त्यांना? तुम्ही सांगाल?” त्यांचा श्वास लागला. “शपथ-बिपथ घालत नाही. नुसतं सांगते.”

मी बटण बंद केलं, पंखा वाढवला. खाली उतरून बघितलं, नळीतून ठिबक सुरू झाली होती. व्हॅनचा पत्रा तापला होता आणि लिंबाची सावली फक्त अर्ध्या टपावर पोचत होती. बाईंच्या मानेवर मी ओलं फडकं ठेवलं. त्या म्हणाल्या, “डोळ्यांपुढे आलं.” काय आलं ते मला माहीत होतं. धुकं. त्यानंतर शब्दांची पाळी.

काका परत आले ते रिकाम्या हातांनी. “बर्फाची गाडी आली न्हाई म्हणाला तो,” ते धापा टाकत म्हणाले आणि आत डोकावले. “अरे, एसी का बंद? आणि पडदा कुणी काढला?”

“जाळी उघडायला काढला, काका. आत बर्फ धरलाय. तो वितळतोय.”

“वितळू दे ना, पण पडदा बांध, मी शिंपडतो. ती तापून राहिली बघ!”

त्यांनी पडदा उचलला. मी त्यांच्या आणि डब्याच्या मध्ये उभा राहिलो. काय सांगणार? “काका, नको. बाईंनी सांगितलंय, काही लावायचं नाही.”

“तिला काय कळतं आता! शालू? शालू, बघ इकडं.” बाईंनी ओठ हलवले. शब्द आला नाही. काकांनी माझी कॉलर धरली. ज्या माणसानं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता तो माझ्यावर ओरडत होता. “बटण लाव! लाव म्हणतो ना! मारतोस का तिला?”

मी लावलं नाही. माझ्या मनात शंभर वेळा आलं की लावून टाकावं, थोडा तरी गारवा येईल. मला वाटत होतं बाई जातील. अगदी खरं सांगतो, तेवढंच वाटत होतं. आणि दिसत होतं ते एवढंच की खाली नळीतून पाणी अजून ठिबकतंय. मी दिसणाऱ्या गोष्टीला धरून बसलो.

मग मला सुचलं. “काका, खाली नळीतून गार पाणी येतंय. बर्फाचं आहे. तांब्या लावा.”

काका गुडघ्यांवर बसून व्हॅनखाली वाकले. तांब्या भरला की आत यायचे, रुमाल बुडवून बाईंच्या कपाळावर, मानेवर, तळव्यांवर ठेवायचे आणि पुन्हा खाली. त्यांनीच थेंब थेंब शिंपडलेलं पाणी ते आता परत आणत होते. त्यांना ते माहीत नव्हतं. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी ठिबक मोजल्यासारखा खाली बघत राहिलो.

ठिबक मंदावली. मग एक थेंब, बऱ्याच वेळानं आणखी एक. मग थांबली. मी आणखी थोडा धीर धरला, डब्याच्या उघड्या तोंडातून आत उजेड टाकला. बर्फ गेला होता, आतल्या नळ्या स्वच्छ दिसल्या. बटण लावलं. आधी कोमट, मग गार, आणि मग असा वारा सुटला की खिडकीचा पडदा उडाला. काकांनी दोन्ही हातांनी बाईंचा चेहरा धरला होता. कितीतरी वेळ काही घडलं नाही. मग बाईंचे ओठ हलले आणि शब्द आला. “अहो, तुम्ही पाणी प्या.”

काका तिथंच खाली बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडले. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलो. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, वारा तसाच. लातूरच्या अलीकडे काका पडदा पुन्हा बांधायला उठले तेव्हा बाई म्हणाल्या, “राहू द्या तो. अहो, मला हल्ली त्या वासानं डोकं उठतं.”

“वाळ्याच्या?” काका आरशात मला दिसत होते. “तुला तर…”

“आवडायचा. आता नाही सहन होत. घरच्या कूलरचाही काढून टाकू.”

काकांनी तो पडदा झबल्यासारखा हळू घडी करून पिशवीत ठेवला. “आधी सांगायचं नाही का,” एवढंच म्हणाले. “जाळीत धूळ अडकली होती,” बाईंनी पुढे सांगितलं, “त्यानं वारा अडला आणि बर्फ झाला. कदमांनी काढली.” विज्ञान शिकवलेल्या सगळ्या वर्षांत न दिसलेली गोष्ट बाईंनी पहिल्यांदाच सांगितली आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुरूडला अक्काच्या घरी आम्ही दुपारी पोचलो. बाईंना खुर्चीवरून आत नेलं. अक्कानं हात पुढे करून चाचपत बाईंचं तोंड शोधलं. “आलीस व्हय. किती रोडावलीस गं.” दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून होत्या. मग अक्का सुनेला म्हणाली, “तिला पाणी दे. माठात वाळा टाकायला लावलाय तुझ्यासाठी. मला आता वास येत न्हाई, तू पी.”

सून तांब्या घेऊन आली. काका शेजारीच उभे होते. बाईंनी पेला तोंडाजवळ नेला, क्षणभर तसाच धरला आणि परत केला. “नको अक्का. मला आता चालत न्हाई. साधं असेल तर दे.” अक्काचा चेहरा पडला. बाई फ्रिजमधलं साधं पाणी प्यायल्या. मला त्या वेळी काकांना सगळं सांगून टाकावंसं वाटलं. सांगितलं नाही, आणि आजही ते बरं केलं असंच म्हणतो.

अक्का पावसाळ्यात गेली. त्या उन्हाळ्यात बाई आणखी दोनदा मुरूडला जाऊन आल्या, एसी एकदाही रुसला नाही. रफिकभाई अजून सांगतो की शेवटी त्यानं काही तरी केलं म्हणूनच तो सुधारला. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम काय बोलल्या माझ्याबद्दल, ते सांगा.” दिसलं ते सांगणारा माणूस, म्हणाल्या, असं मी सांगितलं. त्याला ते फारसं कळलं नाही, पण आवडलं.

बाईंना मी नीट पाहिलं ते शेवटचं पुढच्या एप्रिलमध्ये. त्यानंतर दवाखान्यात पाहिलं ते मी धरत नाही. मी गेलो तेव्हा काका औषधं आणायला बाहेर गेले होते. कूलरला साधं गवत लावलेलं, खोलीत कसलाच वास नाही. बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, “कदम, कपाटाच्या वर पिशवी असेल.”

मी स्टूल घेऊन पिशवी काढली. त्यात तो पडदा होता, काकांनी घातलेल्या घडीत.

“एक काडी तोडा. पाण्यात बुडवा.”

मी वाळ्याची थोडी मुळं तोडली, पेल्यात बुडवली आणि त्यांच्या हातात दिली. बाईंनी ती नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मी काही विचारलं नाही. त्या वासाबद्दल त्यांनी मला एकदा सांगितलेलंच होतं. थोड्या वेळानं फाटक वाजलं. मी घाईघाईनं पिशवी वर टाकली, स्टूल सरकवलं. काका औषधांची पुडी घेऊन आत आले, दारातच थबकले आणि त्यांनी हवा हुंगली.

“वाळ्याचा वास येऊन राहिला का गं?” त्यांच्या आवाजात एकदम काळजी आली. “डोकं दुखेल तुझं. शेजारी कुणी लावलाय का?”

बाईंनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. “कदम,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. “मला वाटतं, कुणाकडं तरी उदबत्ती लावली असेल,” मी म्हटलं. काकांनी खिडकी लावून घेतली. बाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. चादरीखाली त्यांची मूठ मिटलेली होती आणि तिथं कापडावर एक ओला ठिपका हळूहळू मोठा होत होता.